जुन्या वाड्याचा लाकडी सांगाडा दुरुस्त करायचाय? मग कामाचा क्रम असा ठेवा

गावाकडचा वाडा दुरुस्तीला काढला की बहुतेक घरांत सुरुवात फरशीपासून होते. मग भिंतींना सिमेंटचा गिलावा, मग लाकडाला ऑइलपेंट, आणि पैसे उरलेच तर छत. दोन-चार पावसाळे जातात, खांब तळाशी भुसभुशीत होतात, तुळई वाकते, आणि घरातलेच लोक म्हणायला लागतात की लाकूड संपलं, आता पाडून स्लॅब टाकू. बऱ्याच वेळा लाकूड संपलेलं नसतं हो, काम उलट्या क्रमाने झालेलं असतं आणि पाणी आत कोंडलेलं असतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

हे देशावरच्या आणि मराठवाड्यातल्या खणांच्या वाड्याबद्दल आहे. खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा. रचना अशी: उथळ्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त (तुळईला आधार देणारा लाकडी तुकडा), त्यावर तुळई, तुळईवर कडीपाट (आडव्या कड्या आणि त्यांवरच्या फळ्या म्हणजे पाट), आणि वर माळवद (मातीचं सपाट छत) किंवा कौलं. कोकणातल्या चिऱ्याच्या घरात भिंतीच जास्त भार घेतात, तिथे यातलं सगळं जसंच्या तसं लागू करू नका.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. खणांच्या वाड्यात छताचं वजन लाकूड घेतं, दोन-तीन फूट जाडीची भिंत बऱ्याच ठिकाणी नुसता आडोसा असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती ढासळल्या पण कित्येक ठिकाणी खणांचा सांगाडा वरच्या माळवदासकट उभा राहिला, तो यामुळेच. त्यामुळे "भिंत जाड आहे, हा एक खांब काढला तर काय होतंय, हॉल मोठा होईल" असं कुणीही म्हणालं तरी ऐकू नका, मग तो कितीही अनुभवी गवंडी असू दे.

## टप्पा १: हत्यार उचलायच्या आधीची तयारी

कामाचे दिवस म्हणजे दिवाळी ते साधारण एप्रिल. पावसाळा संपल्यावर लगेच छत उघडायची घाई करू नका, भिंती अजून ओल्या असतात. आणि मे महिन्याच्या उन्हात चुन्याचं काम काढलं तर गिलावा ओला राहतच नाही, वाळून तडकतो.

कागदपत्रं आधी बघून घ्या. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, सिटी सर्व्हे झाला असेल तर प्रॉपर्टी कार्ड, आणि सामायिक वाडा असेल तर भाऊबंदांची लेखी संमती. शेजारच्या काकांची आणि तुमची भिंत एकच असते, त्यांच्या तुळया तुमच्या भिंतीत घुसलेल्या असतात, काम अर्ध्यावर असताना भांडण लागलं तर टेकूवर उभं घर तसंच पावसात सापडतं.

मग नकाशा काढा. आर्किटेक्टचाच पाहिजे असं नाही, चौकटीच्या वहीत काढलेला चालेल, पण प्रत्येक खांबाला नंबर द्या. खांबांच्या ओळींना अ, ब, क आणि प्रत्येक ओळीतल्या खांबांना १, २, ३. म्हणजे "सोप्यातला डावीकडून दुसरा" असं न बोलता सगळे "ब-२" बोलतील आणि सुतार चुकीच्या खांबाला करवत लावणार नाही. प्रत्येक खणाचं माप लिहा. खण साधारण पाच फुटांचा धरतात पण प्रत्यक्षात दोन-चार इंच इकडेतिकडे असतंच, म्हणून एक खण मोजून बाकीचे अंदाजाने लिहू नका. प्रत्येक खांबाचे चारही बाजूंनी फोटो, तळाचा आणि डोक्याचा वेगळा.

माणसं निवडताना एवढं बघा: सुताराला फर्निचर येतं म्हणून वाडा येतो असं नसतं. त्याला विचारा की खांबाला खालून जोड दिलाय का, दिला असेल तर कुठे, आणि जाऊन बघा. गवंड्याने चुन्यात काम केलेलं पाहिजे. इंजिनिअर घेणार असाल तर लाकडाचं काम केलेला घ्या, नाहीतर पहिला सल्ला स्लॅबचाच मिळतो.

## टप्पा २: लाकडाची तपासणी

सगळं लाकूड सारखं तपासत बसू नका, लाकूड ठरावीक जागीच खराब होतं. खांबाचा तळ जिथे उथळ्यावर बसतो ती जागा, तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं ती जागा, पन्हळीखालचे वासे, न्हाणीघराला लागून असलेले खांब, आणि जिथे छतावर कधीकाळी गळत होतं तो कडीपाट. मधलं लाकूड बहुतेक ठणठणीत निघतं.

लागणारी हत्यारं साधी आहेत: एक जाड पेचकस किंवा टोच्या, छोटी हातोडी, ओळंबा, सुतळी, टॉर्च.

- हातोडीने हलकं ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ किंवा बोदा आवाज आला तर तिथे खडूने खूण करा.
- खूण केलेल्या जागी पेचकस टोचा. चांगल्या सागात तो जेमतेम शिरतो. सहज अर्धा-एक इंच गेला तर आत कूज आहे.
- वाळवीचे मातीचे बोगदे खरवडून बघा, आत जिवंत वाळवी आहे की जुनाच कोरडा बोगदा आहे ते. खरवडलेली जागा आठवड्याने परत बघा, बोगदा पुन्हा भरला असेल तर वाळवी चालू आहे.
- बारीक भोकं दिसली तर खाली काळा कागद पसरून ठेवा. काही दिवसांत ताजी पिवळसर भुकटी पडली तर कीड जिवंत आहे, नाही पडली तर ती भोकं जुनी आहेत, उगाच औषधावर पैसे घालवू नका.

चिरांबद्दल लोक फार घाबरतात. खांबाला उभी, धाग्याच्या दिशेने गेलेली चीर बहुतेक वेळा लाकूड वाळताना पडलेली असते, शंभर वर्षं तशीच असते, ती भरायचीही गरज नसते. घाबरायचं ते आडव्या चिरेला, तुळईच्या पोटाला मधोमध धागे तुटल्यासारखे दिसले तर. ते दिसलं तर त्याच दिवशी खाली टेकू लावा, बाकीची तपासणी नंतर.

ओळंबा प्रत्येक खांबाच्या दोन बाजूंना लावा आणि किती कललाय ते वहीत लिहा. तुळईच्या खालून दोन टोकांत सुतळी ताणून मध्ये किती झोल आहे ते मोजा. भिंतीच्या फटीवर चुन्याची किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी पट्टी मारून त्यावर तारीख टाका. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय. जुना झोल जो वाढत नाही त्याच्याशी शांतपणे जगता येतं, वाढणाऱ्या झोलाशी नाही.

चेक: पुढे जायच्या आधी वहीत प्रत्येक खांबापुढे तीनपैकी एक शेरा पाहिजे: ठीक, जोड लागेल, बदलावा लागेल. "बघू नंतर" असा शेरा चालत नाही.

## टप्पा ३: पाणी थांबवा, आणि मग थांबा

हाच टप्पा सगळ्यात जास्त लोक गाळतात आणि नंतर केलेलं सगळं काम यामुळेच वाया जातं.

बाहेरून सुरुवात करा. गावात काँक्रीटचे रस्ते एकावर एक चढत गेलेत, त्यामुळे पूर्वी रस्त्यापासून दोन फूट वर असलेलं जोतं आता रस्त्याच्या पातळीला आलंय, आणि पावसाचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी उभं राहतं. जोत्याच्या कडेने उताराची उघडी नाली काढा, शक्य असेल तिथे साठलेली माती काढून जोत्याचे दगड मोकळे करा. चौकाची मोरी उपसून बघा, पाणी ओतून बघा किती वेळात जातं. बुजलेली मोरी हे आतल्या खांबांच्या कुजण्याचं मोठं कारण आहे, आणि लोक खांबाला औषध मारत बसतात.

चौकावर प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे टाकले असतील आणि हवा जायला वाट नसेल तर ते काढा किंवा निदान दोन-अडीच फूट उंच उचला. चौक उजेडासाठी असतो तसाच वाड्याचा दमटपणा बाहेर टाकण्यासाठीही असतो.

आता माळवद. गळलं की वर थोडी माती टाकायची, परत गळलं की परत टाकायची, असं पिढ्यान् पिढ्या होत माती दीड-दोन फुटांवर गेलेली असते. हिशोब करून बघा, पाच बाय दहा फुटांच्या खणावर एक फूट माती म्हणजे कोरडी असताना सव्वादोन टनांच्या आसपास वजन, आणि भिजल्यावर अजून जास्त. ही माती कमी करायची. किल्लारीनंतर घरं मजबूत करताना हेच सांगितलं गेलं, माळवदाची माती कमी करा आणि खाली पाणी न झिरपणारा थर द्या.

काढताना पद्धत महत्त्वाची आहे. आधी खाली टप्पा ४ मध्ये सांगितलेले टेकू लावा. मग माती सगळ्या खणांवरून सारखी, दोन-तीन इंचांच्या थरांनी काढा. एका खणावरची पूर्ण काढली आणि शेजारची तशीच राहिली तर सांगाडा एका बाजूला ओढला जातो. काढलेली माती छताच्याच कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका, रोजच्या रोज खाली उतरवा. पांढरी माती वेगळी ठेवा, चाळून तीच परत वापरायची आहे. खालचा किलच (मातीखाली अंथरलेल्या लाकडाच्या चिरफळ्या) आणि पाट बघून घ्या, कुजलेले तेवढे बदला, वर जाड प्लास्टिक अंथरा, त्यावर सात-आठ इंच माती, पन्हळीकडे उतार देऊन, चोपून.

सावधान: माळवदावर सिमेंटचा कोबा करू नका. माती उन्हा-पावसात हलते, कोबा हलत नाही, तो तडकतो, आणि तडीतून शिरलेलं पाणी वर उडून जायला जागाच राहत नाही. ते सगळं कडीपाटात उतरतं.

कौलारू असेल तर काम सोपं आहे. कौलं उतरवून रिपा आणि वाशांची टोकं तपासा, फुटकी कौलं बदला, आढ्यावरचे कोने नीट बसवा.

मग थांबा. जाड मातीची भिंत वाळायला महिने लागतात, आतून सिमेंटचा गिलावा असेल तर तो आधी खरवडून काढा म्हणजे ती श्वास घेईल. ज्यांना जमेल त्यांनी पाण्याची कामं एका हिवाळ्यात आणि लाकडाची पुढच्या हिवाळ्यात करावीत. गणपतीच्या आत घर पूर्ण पाहिजे असं ठरवून केलेली कामं मी फार बघितलीत, ओल्या भिंतीत नवं लाकूड बसवलं की ते जुन्याच्याच वाटेने जातं.

## टप्पा ४: टेकू

एका वेळी एकच खांब मोकळा करायचा. शेजारशेजारचे दोन खांब एकदम कधीही मोकळे करू नका, कितीही घाई असली तरी.

१. खांबाच्या दोन्ही बाजूंना, दीड-दोन फुटांवर, तुळईखाली एकेक टेकू. सेंटरिंगचे लोखंडी टेकू चालतात, किंवा चार बाय चार इंचाचं सरळ लाकूड.

२. टेकूच्या खाली जाड फळी पाहिजे, नुसत्या मातीच्या जमिनीवर टेकू उभा केला तर तोच खचतो. वरही फळीचा तुकडा, म्हणजे तुळईच्या नक्षीला खड्डा पडत नाही.

३. माडी असेल तर वरच्या मजल्यावरही त्याच रेषेत टेकू लावा.

४. टेकू आणि फळीच्या मध्ये दोन पाचरी समोरासमोरून ठोका. भार टेकूवर आला की खांबाच्या डोक्याशी केसाएवढी फट दिसते किंवा खांब हाताने किंचित हलतो. तिथेच थांबायचं.

५. कललेला खांब किंवा खचलेली तुळई सरळ करायचीच असेल तर स्क्रू जॅकने एका दिवसात दोन-तीन मिलिमीटर, जास्त नाही, आणि उचलताना एक माणूस वरच्या मजल्यावर नुसता ऐकायला ठेवा. कर्रकर्र आवाज आला, गिलावा पडायला लागला की बंद. शंभर वर्षांत वाकलेलं लाकूड एका दुपारी सरळ करायला गेलं तर त्याचे सांधे उखडतात.

चेक: टेकू लावल्यावर एक रात्र जाऊ द्या. सकाळी पाचरी सैल झाल्या असतील तर खालची जमीन बसलीय, परत ठोका आणि अजून एक रात्र बघा.

## टप्पा ५: खांबाला खालून जोड

अख्खा खांब बदलायची वेळ फार कमी येते. सहसा खालचे सहा इंच ते दोन फूट कुजलेलं असतं आणि वरचं लाकूड आजच्या बाजारात मिळणार नाही इतकं चांगलं असतं. ते वाचवा.

लाकूड त्याच जातीचं पाहिजे, सागाला साग. नवीन कापलेलं ओलं सागवान घेऊ नका, ते वाळताना आकसतं आणि जोड ढिला पडतो. पाडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड विकणाऱ्यांकडे वाळलेले खांब मिळतात. घेताना पेचकस टोचून बघा आणि लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधा, नाहीतर करवत जाते.

- कूज संपून घट्ट लाकूड जिथे लागतं त्याच्या वर अजून दोन-तीन इंच जाऊन कापा.
- जोड सपाट कापून एकावर एक ठेवायचा नाही. दोन्ही तुकडे अर्धे-अर्धे उतरवून एकमेकांना मिठी मारतील असे कापायचे, खांदे तिरके ठेवायचे. जोडाची लांबी खांबाच्या जाडीच्या अडीच-तीनपट, म्हणजे आठ इंची खांबाला वीस ते चोवीस इंच.
- जोडात शिसम किंवा बाभळीच्या कोरड्या खुंट्या मारा, किंवा स्टेनलेस स्टीलचे बोल्ट. साधं लोखंड वापरू नका, ते गंजतं आणि सागाला काळं पाडतं.
- तळाच्या कापलेल्या बाजूला बोरॅक्स ३ भाग आणि बोरिक ॲसिड २ भाग यांचं कोमट पाण्यातलं द्रावण दोन-तीन वेळा पाजा, साधारण दहा टक्क्यांचं. हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा. हे पाण्याने धुपून जातं, म्हणून पुढे ओल लागणार असेल तर याचा उपयोग नाही, आधी टप्पा ३.
- खांबाच्या तळाला कुसू (खाचेत बसणारा खुंटीसारखा भाग) असेल आणि उथळ्याला खाच असेल तर नव्या तुकड्यालाही तसंच कुसू काढा. खाच आधी साफ करा, तिच्यात माती आणि ओल साठलेली असते. मध्ये शिशाचा पातळ पत्रा ठेवला तर दगडातली ओल वर चढत नाही.

वाळवी जमिनीतून चालू असेल तर जमिनीची ट्रीटमेंट परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

सावधान: उथळा फरशीच्या वर दिसलाच पाहिजे. जुनी जमीन न काढता त्यावर नवी फरशी टाकली की उथळा गाडला जातो आणि खांबाचं लाकूड थेट ओल्या सिमेंटला टेकतं. चांगल्या खांबाची वाट लावायचा यापेक्षा खात्रीचा मार्ग नाही. तसंच खांबाच्या तळाभोवती काँक्रीटचा बुटका चौथरा ओतू नका. दिसायला मजबूत दिसतो, आत पाणी धरून ठेवतो.

## टप्पा ६: तुळई आणि कडीपाट

तुळईचं भिंतीतलं टोक कुजलं असेल तर आधी भिंत थोडी उकरून किती कुजलंय ते बघा. चार-सहा इंचच गेलं असेल तर खाली जुळता लाकडी हस्त किंवा जादा खांब देऊन आधार आत सरकवता येतो. जास्त असेल तर तुळईच्या दोन्ही बाजूंना सागाच्या जाड फळ्या किंवा स्टीलच्या पट्ट्या बोल्टने आरपार कसायच्या, त्या चांगल्या लाकडावर भरपूर लांब गेल्या पाहिजेत. हे काम इंजिनिअरच्या मापानेच करा, इथे अंदाज नको.

परत भिंतीत बसवताना टोक सपाट दगडावर ठेवा आणि बाजूने, वरून, मागून बोटभर जागा मोकळी सोडा. हवा लागली की टोक टिकतं. गवंडी सवयीने ती फट सिमेंटने लिंपून टाकतो, त्याच्याजवळ उभे राहा.

कड्या एकेक करून बदला. खराब कडी काढायचीच असं नाही, शेजारी नवी कडी सरकवून दिली तरी चालतं. पाट काढले तर न दिसणाऱ्या बाजूला खडूने नंबर टाका, नाहीतर परत बसवताना एकही नीट बसत नाही.

खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात दोन्ही दिशांना तिरके आधार देणं ही भूकंपाच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे, मराठवाड्यात आणि कोयनेच्या बाजूला असाल तर नक्की द्या. सोप्यात नजरेला खुपतात असं वाटत असेल तर निदान माजघरात आणि मागच्या खणांत तरी द्या.

## टप्पा ७: भिंती

भिंत मातीची तर दुरुस्ती मातीची किंवा चुन्याची. सिमेंट गिलाव्याने भिंतीतली ओल बाहेर पडत नाही, ती वर चढते नाहीतर शेजारच्या लाकडात जाते. भिंतीत अर्धा गाडलेला खांब असेल तर हे नुकसान दिसतही नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मातीच्या गिलाव्यासाठी चाळलेली माती, भुसा आणि थोडं शेण एकत्र करून आठ-पंधरा दिवस भिजत घाला, रोज तुडवा. चुन्यासाठी कळीचा चुना पाण्यात विझवून निदान दोन आठवडे मुरू द्या, मग एक भाग चुना तीन भाग वाळू. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको, आणि सात-दहा दिवस पाणी शिंपडत ओला ठेवा. चुना विझवताना उकळतो, डोळ्यांना चष्मा लावा.

दगडी भिंत परत रचायची असेल तर आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधणारे आरपार दगड विसरू नका, उंचीत दर दोन फुटांना आणि लांबीत दर चार फुटांना एक. किल्लारीला भिंती फुगून दोन्हीकडे पडल्या त्यात हे दगड नसणं हे मोठं कारण होतं.

## टप्पा ८: वायरिंग, रंग, तेल

वायरिंग लाकडाच्या वरून, पाइपातून. तुळईला खाच पाडून वायर नेऊ नका.

जुना ऑइलपेंट काढताना ग्राइंडर आणि कॉस्टिक सोडा दोन्ही टाळा, नक्षी जाते आणि लाकूड जळतं. हीट गन कमी तापमानावर आणि खरवडणी, तोंडाला चांगला मास्क, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. शेजारी पाण्याची बादली ठेवाच. मग जवसाचं तेल थोडं टर्पेंटाइन घालून, पातळ हात, पुसून घेऊन, दोन हातांमध्ये पूर्ण वाळू द्या.

सावधान: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. काम झालं की लगेच पाण्याच्या डब्यात बुडवा. लाकडी घरात ही चूक महागात पडते.

## टप्पा ९: टेकू काढणं आणि पहिला पावसाळा

टेकू एकदम काढू नका. रोज पाचरी थोड्या सैल करा, तीन-चार दिवसांत भार खांबावर येऊ द्या. नंतर परत ओळंबा, परत सुतळी, आकडे वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा.

मृगाच्या आधी पन्हळ, नाली, मोरी साफ. पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन माळ्यावर जा आणि ओल दिसेल तिथे खूण करा, पाऊस चालू असतानाच जा, उघडल्यावर काही सापडत नाही. दिवाळीला सगळ्या खांबांचे तळ पेचकसाने परत टोचून बघा, जोड दिलेले आधी.